एका जुन्या गॅलिशियन शब्दाचा माग: मध्ययुगीन गीतांच्या लिस्बन संग्रहाचे परीक्षण

जुन्या शब्दाचा शोध घेणाऱ्याला कोशातली एक ओळ पुरत नाही. तो शब्द कोणाच्या तोंडी आला, कोणत्या प्रसंगी आला आणि त्याच्या शेजारी कोणते शब्द उभे होते, हे त्याला स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे असते. लिस्बनच्या नोव्हा विद्यापीठातील अभ्यासकांनी महाजालावर सर्वांसाठी खुला केलेला ‘कांतिगास मेदिएवाइश गालेगो-पोर्तुगेझाश’ हा मध्ययुगीन गीतांचा संग्रह ही सोय फार चांगल्या रीतीने करून देतो. पुण्यातल्या आमच्या छोट्या वाचनगटात ‘सोइदादे’, म्हणजे कोणाची तरी उणीव भासणे, या जुन्या गॅलिशियन शब्दावर चर्चा सुरू झाली आणि त्या निमित्ताने मी हा संग्रह सातत्याने वापरू लागलो. त्या वापरातून बनलेले मत येथे मांडत आहे. संग्रह विनामूल्य आहे, त्यामुळे प्रश्न पैशांचा नसून वेळेचा आहे. ज्याला शब्दांची मनापासून ओढ आहे त्याने हा वेळ अवश्य द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

संग्रहाकडे वळण्यापूर्वी भाषेविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. गॅलिसिया हा स्पेनच्या वायव्य कोपऱ्यातील प्रदेश आहे आणि सांतियागो दे कोंपोस्तेला ही त्याची राजधानी आहे. तेथील गॅलिशियन भाषा ही स्पॅनिशची बोली नाही. लॅटिनपासून निघालेली ती स्वतंत्र भाषा आहे आणि पोर्तुगीज ही तिची सर्वांत जवळची बहीण आहे. बाराव्या शतकाच्या अखेरीपासून चौदाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या दोन्ही प्रदेशांत काव्याची भाषा एकच होती, म्हणून अभ्यासक तिला गॅलिशियन-पोर्तुगीज म्हणतात. कॅस्टीलच्या दरबारातले कवीसुद्धा भावगीत रचायचे झाले की याच भाषेत रचत असत. प्रत्यक्ष गॅलिसियात गॅलिशियन भाषेत लिहिलेला सर्वांत जुना दस्तऐवज म्हणून कास्त्रो काल्देलास या गावाला 1228 मध्ये मिळालेली सनद दाखवली जाते. लिस्बनच्या संग्रहात मात्र सनदा नाहीत, फक्त गीते आहेत. दीडशेहून अधिक कवींची सुमारे 1,680 लौकिक गीते, म्हणजे धार्मिक गीते वगळून उरलेली जवळजवळ सगळी परंपरा, येथे एकत्र वाचायला मिळते.

आता शब्दाकडे येऊ. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटपासून घरगुती वर्गांपर्यंत स्पॅनिश शिकण्याच्या सोयी बऱ्याच आहेत, आणि तेथे शिकणाऱ्याला ‘सोलेदाद’ हा एकटेपणाचा शब्द लवकर भेटतो. ‘सोइदादे’ हा त्याचाच सख्खा भाऊ आहे. दोघांचे मूळ लॅटिन ‘सोलितातेम’ हे रूप, आणि त्याच्या मुळाशी ‘सोलुस’, म्हणजे एकटा, हे विशेषण. स्पॅनिशने मधला ‘ल’ सांभाळला, गॅलिशियनने तो गाळला. दोन स्वरांमध्ये आलेला ‘ल’ आणि ‘न’ गळून पडणे हे या भाषेचे ठळक लक्षण आहे. ‘लुना’ म्हणजे चंद्र, त्याचे ‘लूआ’ झाले. ‘दोलोरेम’ म्हणजे दुःख, त्याचे आधी ‘दोओर’ आणि मग ‘दोर’ झाले. ‘सोलितातेम’मधला ‘ल’ याच नियमाने गेला, दोन्ही ‘त’ मऊ होऊन त्यांचे ‘द’ झाले आणि ‘सोइदादे’ उरले.

मराठी वाचकाला यात परके असे काहीच वाटू नये. ‘मातृगृह’चे प्राकृतात ‘माइहर’ आणि मराठीत ‘माहेर’ झाले ते स्वरांमधली व्यंजने झिजल्यामुळेच. ‘क-ग-च-ज-त-द-प-य-वां प्रायो लुक्’, म्हणजे स्वरांमधली ही व्यंजने बहुधा गळतात, हे प्राकृत व्याकरणकार हेमचंद्राचे सूत्र बाराव्या शतकातले आहे, म्हणजे या गीतांची परंपरा सुरू होत होती त्याच शतकातले. आमच्या गटात प्राकृत शिकवलेल्या एक ज्येष्ठ बाई आहेत. त्यांनी एक बारीक फरक लगेच दाखवून दिला. महाराष्ट्री प्राकृतात असा ‘त’ पूर्णपणे जातो, ‘लता’चे ‘लआ’ होते. शौरसेनी या दुसऱ्या प्राकृतात तो जात नाही, त्याचा ‘द’ होतो आणि ‘लदा’ असे रूप मिळते. गॅलिशियनने ‘त’च्या बाबतीत शौरसेनीची वाट धरली आणि ‘ल’, ‘न’च्या बाबतीत स्वतःची वेगळी वाट काढली. या दोन भाषांचा परस्परांशी काही संबंध होता असे अर्थातच नाही. ध्वनी कसे झिजतात हे ज्याने एका भाषेत नीट पाहिले आहे, त्याला दुसऱ्या भाषेत ते ओळखता येते, एवढेच येथे म्हणायचे आहे. आणि पुण्यासारख्या शहरात, जेथे प्राकृताचा अभ्यास आजही जिवंत आहे, ही ओळख पटवून देणारी माणसे सहज भेटतात.

संग्रहात शब्द शोधला की तो ज्या गीतांत आला आहे ती गीते समोर येतात. गीत उघडल्यावर संपादित पाठ, कठीण शब्दांचे अर्थ, गीताविषयी एक टीप, कवीची माहिती, गीताचा प्रकार आणि हस्तलिखितांची छायाचित्रे असे सगळे एकाच ठिकाणी असते. या मांडणीचे मोल ‘सोइदादे’च्या उदाहरणावरून फार चांगले कळते. पोर्तुगालचा राजा दिनिश, म्हणजे 1261 मध्ये जन्मलेला आणि 1325 मध्ये वारलेला, हा या परंपरेतला सर्वांत विपुल रचना असलेला कवी. त्याची 137 गीते उपलब्ध आहेत. त्यांपैकी एका गीताची सुरुवातच या शब्दाने होते. माझ्या स्वामिनीची मला केवढी ‘सोइदादे’ होते, ती पाहिली तेव्हा कशी होती हे आठवले की, असा त्या पहिल्या दोन ओळींचा भाव आहे. शब्दाचे मूळ जरी एकटेपणात असले, तरी येथे त्याचा अर्थ एकटेपणा असा राहिलेला नाही. एकटेपणा कोणाचाही नसतो, तो नुसता असतो. येथे मात्र ‘स्वामिनीची सोइदादे’ असा संबंध जोडलेला आहे, तिच्यामागे आठवण हे कारण दिलेले आहे, आणि ती आठवण पाहिलेल्या रूपाची आहे. एकटे असण्यापासून कोणाची तरी उणीव भासण्यापर्यंतचा अर्थाचा सगळा प्रवास दिनिशच्या काळापर्यंत पूर्ण झाला होता, हे या दोन ओळींवरून दिसते. कोशातल्या अर्थावर विश्वास ठेवण्याची येथे गरजच पडत नाही, कारण पुरावा समोर असतो.

त्याच ओळीतून आणखी एक गोष्ट हाती लागते, आणि ती मला विशेष आनंदाची वाटली. हे गीत दहा अक्षरांच्या ओळींत बांधलेले आहे. पहिली ओळ मोजून पाहिली तर दहाचा हिशेब जुळण्यासाठी ‘सो-इ-दा-दे’ असे चार अवयव सुटे उच्चारावे लागतात; ‘सोइ’ हा एकच जोडस्वर मानला तर ओळ एका अक्षराने तोकडी पडते. म्हणजे ‘ल’ गळून गेला तरी त्याने सोडलेली जागा अजून बुजलेली नव्हती, दोन्ही स्वर वेगवेगळे ऐकू येत होते. ओवी आणि अभंगाच्या चरणांतली अक्षरे मोजण्याची सवय असलेल्या मराठी वाचकाला ही पडताळणी स्वतः करून पाहता येईल, त्यासाठी भाषेत पारंगत असण्याची आवश्यकता नाही.

संपादकांच्या टिपा आटोपशीर आहेत आणि जेथे खरोखर अडते तेथे त्या दिलेल्या असतात. ज्या स्त्रीला उद्देशून गीत आहे तिला कवी ‘सेन्योर’ असे पुल्लिंगी रूपाने संबोधतो, हे नवख्या वाचकाला गोंधळात टाकणारे आहे. ‘सेन्योर’ हे लॅटिन ‘सेनिओरेम’, म्हणजे वडीलधारा, या रूपापासून आले आहे. त्या काळी त्याला वेगळे स्त्रीलिंगी रूप रूढ नव्हते आणि सरंजामी सेवकाने धन्याशी बोलावे त्या भाषेत प्रियकर प्रेयसीशी बोलत असे. म्हणून मी वर ‘स्वामिनी’ असा अनुवाद केला. ‘सखी’ किंवा ‘प्रिया’ म्हटले असते तर त्या नात्यातले अंतर हरवले असते.

हस्तलिखितांची छायाचित्रे हा या संग्रहाचा सर्वांत मौल्यवान भाग आहे आणि त्याकडे घाईने पाहू नये. ही परंपरा मुख्यतः तीन पोथ्यांतून आपल्यापर्यंत आली आहे. त्यांपैकी लिस्बनच्या अजुडा राजवाड्यातली पोथी कवींच्या काळाला सर्वांत जवळची आहे, तिच्यात 310 गीते आहेत आणि तिची चित्रे अपुरी राहिलेली आहेत. उरलेल्या दोन पोथ्या, एक आता लिस्बनच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आणि दुसरी व्हॅटिकनच्या ग्रंथालयात असलेली, या सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात, सुमारे 1525 च्या सुमारास, आंजेलो कोलोच्ची या इटालियन विद्वानाने करवून घेतलेल्या नकला आहेत. राजा दिनिशची गीते अजुडाच्या पोथीत नाहीत, आणि ‘सोइदादे’चे हे गीत तर या दोन नकलांतच आहे. याचा अर्थ असा की ‘सोइदादे’ हा शब्द ज्या लेखनात आपल्याला मिळतो ते लेखन कवीच्या मृत्यूनंतर सुमारे दोनशे वर्षांनी, ती भाषा मातृभाषा नसलेल्या इटालियन लेखनिकांच्या हातून झालेले आहे. ही गोष्ट नजरेआड करून एखाद्या अक्षरावर मोठा सिद्धांत उभा करणे धोक्याचे आहे. पोथ्यांत ‘इ’च्या जागी बहुधा ‘वाय’ हे अक्षर दिसते, तर संग्रहातला पाठ संपादकांनी आजच्या पोर्तुगीज लेखनाच्या धाटणीने नेमका करून दिलेला आहे. त्यामुळे शोध घेताना संपादित रूपेच द्यावी लागतात, आणि ‘सोइदादे’ व ‘सुइदादे’ ही दोन्ही रूपे स्वतंत्रपणे तपासावी लागतात. जुन्या लेखनाचे अभ्यासक यावर नाराज होतील. मला स्वतःला ही तडजोड मान्य आहे, कारण मूळ पान बाजूलाच असल्यामुळे संपादकांनी काय बदलले हे लपून राहत नाही.

या शब्दाविषयीचा एक मोठा समज येथे तपासून घेता येतो. पोर्तुगीजांचा ‘साउदादे’ हा याच शब्दाचा पुढचा अवतार. ‘सुइदादे’चे ‘साउदादे’ होताना अभिवादन आणि आरोग्य या अर्थांच्या शब्दांचा प्रभाव पडला असावा, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. या शब्दाला आज त्या लोकांच्या स्वभावाची खूणच मानले जाते, आणि म्हणून जुन्या गीतांत तो पानोपानी असेल अशी अपेक्षा घेऊन वाचक येतो. प्रत्यक्षात तो फार थोड्या ठिकाणी सापडतो. जो शब्द खरोखर पानोपानी आहे तो ‘कोइता’, म्हणजे प्रेमातले क्लेश, जिवाची तगमग. त्या कवींच्या मनाचा मुख्य शब्द हा होता. ‘सोइदादे’ला आजचे स्थान नंतरच्या शतकांनी दिले. एकेका शब्दाचे कौतुक करणाऱ्या लेखांतून हे कळत नाही, सबंध संग्रह चाळता आला तरच कळते. काळ्या पित्तासाठी असलेल्या अरबी शब्दापासून ‘साउदादे’ आला, ही जी आकर्षक व्युत्पत्ती अधूनमधून सांगितली जाते, तिलाही ‘सोइदादे’ आणि ‘सुइदादे’ ही जुनी रूपे एकदा पाहिली की जागा उरत नाही.

उणिवांविषयीही तितकेच स्पष्ट लिहिले पाहिजे. पहिली गोष्ट, या संग्रहात शब्दाचा अर्थ मिळतो, व्युत्पत्ती मिळत नाही. 1932 ते 1938 या काळात पुण्यातून सात विभागांत निघालेला दाते-कर्वे यांचा शब्दकोश वापरून ज्यांचा हात बसला आहे, त्यांना अर्थाशेजारी मूळ पाहण्याची सवय असते आणि ती येथे पुरवली जात नाही. त्यासाठी एस्त्राविस यांचा महाजालावरचा गॅलिशियन कोश जवळ ठेवावा. त्यात लॅटिन मूळ दिलेले असते, मात्र त्याचे लेखन पोर्तुगीजच्या जवळ जाणारे आहे हे लक्षात ठेवावे. आजच्या प्रमाण गॅलिशियनसाठी रॉयल गॅलिशियन अकादमीचा कोश पाहावा, तोही विनामूल्य आहे. त्यात ‘सोइदादे’ आणि ‘साउदादे’ या दोन्ही नोंदी आहेत.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. गद्य येथे नाही. पोर्तुगालचा राजा दुआर्ते, ज्याने 1433 ते 1438 पर्यंत राज्य केले, त्याने आपल्या नीतिविषयक ग्रंथात दुःख, खंत, उबग अशा मनःस्थितींपासून ‘सुइदादे’ वेगळी काढून तिच्यावर विचार केला आहे. या शब्दाच्या इतिहासातले हे महत्त्वाचे वळण आहे आणि केवळ या संग्रहावर विसंबणाऱ्याला ते भेटणार नाही. गॅलिसियातील सनदा, करार आणि इतर गद्य यांसाठी सांतियागोच्या विद्यापीठातील, 1971 मध्ये स्थापन झालेल्या गॅलिशियन भाषा संस्थेचा मध्ययुगीन शब्दभांडार हा प्रकल्प वापरावा लागतो. कॅस्टीलचा राजा आल्फोन्सो दहावा याच्या नावाने प्रसिद्ध असलेली मेरीमातेची गीतेही लिस्बनच्या संग्रहाच्या कक्षेबाहेर आहेत, कारण ती धार्मिक आहेत. ही विभागणी अभ्यासाच्या सोयीची असेल. शब्दाचा माग घेणाऱ्याच्या ती सोयीची नाही.

तिसरी अडचण भाषेची. संकेतस्थळाची इंग्रजी आवृत्ती आहे आणि तिच्या आधारे फिरणे सोपे जाते, पण गीतांचा अर्थ उलगडणाऱ्या टिपा मुख्यतः पोर्तुगीजमध्येच आहेत. स्पॅनिशचा मध्यम टप्पा पूर्ण केलेल्या विद्यार्थ्याला त्या थोड्या प्रयत्नाने समजतात; ज्याला यांपैकी कोणतीच भाषा येत नाही त्याची मात्र निराशा होईल. मोबाइलवर गीते वाचता येतात, परंतु पोथीचे पान आणि पाठ शेजारी ठेवून पाहायचे असेल तर संगणकाचा मोठा पडदाच हवा.

शब्दाची पुढची कहाणी गॅलिसियाने स्वतः लिहिली. सोळाव्या शतकापासून सुमारे तीनशे वर्षे गॅलिशियन ही घरात आणि शेतात बोलली जाणारी, पण क्वचितच लिहिली जाणारी भाषा होऊन राहिली. 1863 मध्ये रोसालिआ दे कास्त्रो यांचा गॅलिशियन कवितासंग्रह आला आणि लेखनाला पुन्हा बळ मिळाले. त्यांच्या एका कवितेत बास्ताबालेस गावच्या घंटांचा नाद ऐकून जीव ‘सोइदादेस’नी कासावीस होतो. दिनिशच्या ओळीत ओढ स्वामिनीची होती, येथे ती गावाची आणि मागे पडलेल्या आयुष्याची झाली आहे. त्या शतकात गॅलिसियातून क्युबा आणि अर्जेंटिनाकडे मोठे स्थलांतर झाले. 1906 मध्ये स्थापन झालेल्या त्यांच्या भाषेच्या अकादमीला आरंभीचा पाठिंबा आणि पैसा हवानात राहणाऱ्या स्थलांतरितांकडून मिळाला, हे कळले म्हणजे त्या शब्दात गाव का शिरले याचा उलगडा होतो. कोकणातून मुंबईला गेलेल्या चाकरमान्यांनी आपापल्या गावातल्या शाळांसाठी वर्गण्या काढल्या, त्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. रोसालिआ यांच्या त्या संग्रहाच्या शताब्दीपासून, म्हणजे 1963 पासून, 17 मे हा गॅलिशियन साहित्याचा दिवस म्हणून पाळला जातो. 1998 चा तो दिवस मार्तिन कोदाश आणि त्याच्याबरोबरच्या दोन मध्ययुगीन कवींना वाहिलेला होता.

नव्या वाचकाने सुरुवातही या मार्तिन कोदाशपासूनच करावी असे मी सुचवेन. त्याची फक्त सात गीते आहेत, सगळी लहान आहेत, आणि ती ‘कांतिगा दे आमिगो’ या प्रकारातली, म्हणजे स्त्रीच्या तोंडी घातलेली आहेत. विगो बंदराच्या किनाऱ्यावर उभी असलेली मुलगी लाटांना विचारते की माझा सखा तुम्हाला दिसला का. ओळ जवळजवळ तशीच पुन्हा येते, शेवटचा शब्द तेवढा बदलतो आणि धृपद परत परत भेटते. जात्यावरच्या ओव्या ज्यांनी ऐकल्या आहेत त्यांना ही चाल ओळखीची वाटेल; फरक असा की ओवी रचणाऱ्या आणि गाणाऱ्या स्त्रियाच होत्या, येथे पुरुष कवी स्त्रीचा आवाज घेतो. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात माद्रिदचे पुस्तकविक्रेते पेद्रो विंदेल यांना एका जुन्या ग्रंथाच्या बांधणीत वापरलेला चर्मपत्राचा तुकडा सापडला आणि त्यावर ही सातही गीते होती, त्यांपैकी सहा स्वरलेखनासह. ते चर्मपत्र आज न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयात आहे. संग्रहात या गीतांचे जुने स्वरलेखनही आहे आणि आजच्या गायकांनी केलेली सादरीकरणेही ऐकायला मिळतात. ही सात गीते वाचून झाली की मग राजा दिनिशकडे जावे आणि त्याचे ते दहा अक्षरांचे गीत उघडावे. तोवर ‘आमिगो’, ‘कोइता’, ‘सेन्योर’ यांसारखे वारंवार येणारे शब्द ओळखीचे झालेले असतात आणि टिपांकडे वळण्याची गरज बरीच कमी होते.